चेहरा सोडून

मी इथे एका शाळेत फोटोग्राफी शिकवते असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अगं मग दाखव ना मुलांनी काढलेले फोटो!" आणि माझ्याकडे एकही नाहीये. मोबाईलमध्ये नाही, लॅपटॉपवर नाही, कुठे क्लाउडवर पण नाही. सगळे शाळेच्या कॉम्प्युटरवर आहेत आणि ते शाळेबाहेर येत नाहीत. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे लोकाच्या घरी पुरणपोळ्या लाटायच्या आणि यायचं उपाशी." तिला समजावून सांगायचा मी प्रयत्न केला, पण तिच्या म्हणण्यातही काही खोटं नव्हतं.

आम्ही राहतो स्लाऊला. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोपासून जवळ, डोक्यावर विमानांची ये-जा. इंग्रज माणसाला "मी स्लाऊची" म्हटलं की तो जरा सहानुभूतीनेच बघतो, कारण गाव म्हणजे एक अवाढव्य ट्रेडिंग इस्टेट (आपली एमआयडीसी समजा), राउंडअबाउटवर राउंडअबाउट, ऑफिसं आणि ती मार्स चॉकलेटची फॅक्टरी (पहिला मार्स बार 1932 साली इथेच बनला, आमच्याकडे अभिमान बाळगायला हे एक आहे). नदीपलीकडे विंडसरचा राजवाडा. टुरिस्ट सगळे तिकडे, स्लाऊला ते फक्त गाडी बदलायला उतरतात.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो तेव्हा मला काम नव्हतं. डिपेंडंट व्हिसावर काम करता येतं, पण ते मिळायला पाहिजे ना. कॅमेरा होता, वेळ होता, आणि नोव्हेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो त्या घरात एकटीने बसणं मला झेपत नव्हतं. लोक याला समाजसेवा वगैरे म्हणतात तेव्हा मला ओशाळल्यासारखं होतं, कारण खरं कारण एवढंच आहे. समाजाची सेवा मधल्या मधे झाली असेल तर झाली.

तर शाळेत स्वयंसेवक म्हणून फोटोग्राफीचा क्लब घ्यायचा म्हटल्यावर आधी डीबीएस चेक. म्हणजे तुमच्या नावावर पोलिसात काही आहे का ते बघतात. स्वयंसेवकांना त्याची फी नसते, पण गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते द्यावे लागतात, आणि माझे पत्ते म्हणजे कोथरूड, मग बाणेर, मधे सासरी मिरज, मग इथलं भाड्याचं घर, मग दुसरं भाड्याचं घर. ऑफिसातल्या बाईंनी 'मिरज' तीनदा स्पेलिंग विचारून लिहिलं. मग सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं, ट्रेनिंग. मुलाबरोबर खोलीत एकटं थांबायचं नाही, स्वतःचा फोन आत आल्याबरोबर ऑफिसात जमा, आणि गळ्यात कुठल्या रंगाची दोरी आहे त्यावरून तुम्ही कोण ते मुलांनी ओळखायचं. हे सगळं ऐकताना मला आपल्याकडची शाळा आठवत होती, जिथे माझा मामा मधल्या सुट्टीत सरळ वर्गात येऊन मला पेरू देऊन जायचा. असो.

खरा पेच निघाला तो यादीत. शाळेत प्रवेश घेताना आईवडील एका फॉर्मवर टिक करतात, मुलाचा फोटो काढला तर चालेल का नाही. माझ्या क्लबमध्ये आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांपुढे 'नाही' होतं. का नाही ते विचारायचं नसतं आणि सांगतही नाहीत. कुणाच्या आईवडिलांचं कोर्टात चाललेलं असतं, कुणी फॉस्टर घरी, म्हणजे आईवडिलांऐवजी सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, राहत असतं, कुणाची आई कुणापासून तरी लपून दुसऱ्या गावातून इथे आलेली असते, कुणाचं कारण धार्मिक असतं आणि कुणाला नुसतंच नको असतं. नुसतंच नको हे पण कारणच आहे की.

टीचरचं म्हणणं होतं की ज्यांना चालतं त्यांचे काढा, बाकीच्यांनी फक्त कॅमेरा धरावा. ते मला पटेना. नऊ-दहा वर्षांची मुलं ती, दुसऱ्याच दिवशी त्यांना कळणार यादीत कोण आहे, आणि मग मधल्या सुट्टीत चर्चा सुरू, तुझा का नाही काढत. म्हणून मी म्हटलं, कुणाचाच चेहरा नको. सगळ्यांना एकच नियम. मुलांना सांगितला तेव्हा एकदम शांतता, मग मागून एक आवाज, "मिस, मग काढायचं काय?"

इथे सगळ्या बायका मिस असतात, लग्न झालेलं असो नसो.

कॅमेरे कुठून आणले ती एक वेगळीच गंमत. शाळेत मुलांना फोन चालत नाही, शाळेकडे टॅबलेट होते पण तेवढे नव्हते. मी इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की कुणाच्या कपाटात जुना डिजिटल कॅमेरा पडून असेल तर द्या. दोन दिवसांत पिशवी भरली. 2005 ते 2012 च्या काळात परदेशी आलेल्या प्रत्येक मराठी घरात एक छोटा कॅनन नाहीतर निकॉन असतोच असतो, सोनीही निघाले, मोबाईल आला आणि ते मोज्यांच्या खणात गेले. त्यातल्या कार्डांवर फोटो तसेच होते. कुणाचं बारसं, कुणाचा एअरपोर्टवरचा सेंड-ऑफ, सगळे रडवेले आणि मधे एक काका कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. एका कार्डावर एका म्हातारीचे सलग चाळीसेक फोटो, पोळ्या करताना. मी फोन करून विचारलं, हे पुसू का? तिकडून बराच वेळ काही आवाजच नाही, मग ते म्हणाले, "थांबा, मी कार्ड घ्यायला येतो." पाऊण तासात दारात हजर. त्यांची आजी होती ती, आणि हे फोटो हरवले असंच सगळे धरून चालले होते.

पहिल्या दिवशी मुलांना मोकळं सोडलं तर एकाने कार्पेटचे तीनशे फोटो काढले. तीनशे! बटन दाबून धरलं आणि चालत सुटला. तेव्हा मी बाबांचा नियम काढला. बाबांकडे आग्फा क्लिक थ्री होता, त्यात 120 चा रोल, त्यावर चौकोनी बारा फोटो, संपले की संपले. गणपतीत तीन, दिवाळीत चार, असे वाटून वापरायचे, आणि शेवटचे एक-दोन 'काही चांगलं घडलं तर' म्हणून महिनोन्महिने कॅमेऱ्यातच. तर एका तासाला बारा. आणि डिलीट करायचं नाही. बारावर मुलं कुरकुरली पण मानलं, डिलीट न करणं मात्र फार जड गेलं त्यांना. वाईट आलेला फोटो तसाच राहणार, तो उद्या सगळ्यांसमोर मोठ्या स्क्रीनवर दिसणार, आणि त्यात काय दिसतंय ते आपण सांगायचं, हे त्यांच्या डोक्यात बसायलाच वेळ लागला. दिवसभर टॅबलेटवर बोट फिरवणारी पोरं ती.

मग हळूहळू फोटो यायला लागले. पटका बांधणाऱ्या एका मुलाची मान, त्यावरचे बारीक केस, उन्हात सोनेरी. ईदनंतरच्या आठवड्यात नुसते मेंदीचे हात, डझनभर. डिनर लेडीच्या, म्हणजे शाळेत जेवण वाढणाऱ्या बाईंच्या, एप्रनची मागची गाठ. टेबलाच्या खालच्या बाजूला पिढ्यानपिढ्या चिकटवलेलं च्युइंग गम, ते आपल्याला आयुष्यात दिसलं नसतं, त्यांच्या उंचीवरून ते समोरच असतं. दोन मुलांचं भांडण झालं, कान हा चेहऱ्यात येतो का नाही यावरून. एक म्हणे येतो, कारण चश्मा त्यावर असतो. शेवटी प्रकरण सेफगार्डिंग बघणाऱ्या बाईंकडे गेलं. त्यांनी अजिबात न हसता विचार केला आणि निकाल दिला, मागून काढलेला कान चालेल, समोरून नाही. तेव्हापासून आमच्याकडे कानांची लाट आली.

शाळेचा केअरटेकर म्हणजे भला दांडगा माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तो यायच्या आधी आवाज यायचा. पोलिश घरातली एक मुलगी होती, फारशी बोलायची नाही, तिने एका तासात बारापैकी अकरा फोटो त्या जुडग्याचे काढले. स्क्रीनवर एकामागून एक लावले तर पहिल्यात नुसता चकाकणारा गोळा, कारण फ्लॅश. मग तिने फ्लॅश बंद केलाय तर सगळं हललेलं, तो चालत होता. मग तो कॉरिडॉरच्या खिडकीपाशी थांबलाय आणि एकेक किल्ली सुटी दिसायला लागलीये. अकराव्यात त्याचा हात आहे, अंगठा एकाच किल्लीवर, आणि त्या किल्लीच्या मानेला लाल लोकर गुंडाळलेली. मी विचारलं ही लोकर कसली. ती म्हणाली, बॉयलरची किल्ली आहे ती, तळघरात दिवा नाहीये, अंधारात हाताला कळावी म्हणून त्याने गुंडाळलीये. हे तिने त्याला विचारून घेतलं होतं. वर्षानुवर्षं त्या शाळेत असलेल्या टीचरना हे माहीत नव्हतं, आणि वर्गात चकार शब्द न बोलणारी पोरगी एका सहा फुटी माणसाला थांबवून हे विचारून आली होती.

ऑक्टोबरमध्ये, सुट्टीच्या आधी उजेड होता तोवर, आम्ही अख्खा वर्गच कॅमेरा केला. खिडक्यांना काळ्या बिन बॅग चिकटवल्या, फटींना फॉइल, आणि मधोमध पेनीच्या नाण्याएवढं एकच भोक. पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही, डोळे सरावावे लागतात, तोवर मुलं एकमेकांना चिमटे काढतात. मग समोरच्या भिंतीवर ग्राउंड उमटलं, उलटं. खाली आकाश, वर गवत, आणि पीटीचा तास चाललेला त्यातली लाल जर्सीची मुलं छतावरून पळतायत. "मिस, इट्स द रॉंग वे अप!" प्रकाश सरळ रेषेत येतो, वरचा खाली जाणार आणि खालचा वर, हे मी फळ्यावर काढून दाखवणार होते, पण एकाने भोकासमोर हात वरखाली करून बाकीच्यांना तेच समजावलं, माझ्यापेक्षा बरं.

आणि मग मी त्यांना हर्शेल सांगितला. आम्हाला शाळेत युरेनसचा शोध विल्यम हर्शेल एवढं एका मार्काला असायचं. तर हे हर्शेल युरेनस सापडल्यावर (1781, तेव्हा ते बाथला होते) 1786 मध्ये स्लाऊला राहायला आले आणि बागेत चाळीस फुटी दुर्बीण उभी केली, लाकडी परांची बांधून. त्यांचा मुलगा जॉन जन्मला तो इथेच, 1792 साली. आणि हा जॉन म्हणजे फोटोग्राफीतला फार मोठा माणूस. चांदीचे क्षार हायपोत (फोटो पक्का करायला वापरतात ते रसायन) विरघळतात हे त्याने 1819 मध्येच लिहून ठेवलं होतं, तेव्हा फोटो नावाची वस्तूच नव्हती. पुढे वीस वर्षांनी सगळ्यांना प्रश्न पडला की उमटलेलं चित्र उजेडात काळं पडू नये म्हणून काय करायचं, तेव्हा उत्तर याच्या खिशात तयार होतं. 1839 मध्ये वडिलांची ती दुर्बीण पाडायची ठरली, म्हणून त्याने तिच्या परांचीचा फोटो काढून ठेवला, काचेवर. काचेवरचे जे फोटो आज टिकून आहेत त्यांतला हा सगळ्यात जुना समजतात. आणि तो काढला आमच्या या मार्स बारच्या गावात.

हर्शेलचं घर, ऑब्झर्व्हेटरी हाउस, 1960 च्या दशकात पाडलं, आता तिथे ऑफिस आहे. 'ऑब्झर्व्हेटरी' म्हटल्यावर मुलं एका सुरात म्हणाली, "ते तर शॉपिंग सेंटर आहे." मी तो फोटो स्क्रीनवर लावला. गोल डाग, त्यात धुकट त्रिकोणी लाकडं, पहिल्यांदा बघणाऱ्याला काय आहे ते कळतही नाही. बराच वेळ सगळे बघत बसले. मग एक म्हणाला, "यात पण कुणाचा चेहरा नाहीये." दुसरा लगेच, "त्याला पण कन्सेंट मिळाला नसणार!"

जूनमध्ये निळे फोटो केले, सायनोटाइप. कॅमेरा लागत नाही, लोखंडाच्या क्षारांचा लेप दिलेला कागद मिळतो, त्यावर पान, काटाचमचा, काय हवं ते ठेवायचं, उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे गडद निळं, झाकलं तिथे पांढरं. ही पण हर्शेलचीच करामत, 1842 ची. पण तोवर तो स्लाऊ सोडून केंटला गेला होता, हे मी सांगितल्यावर मुलं नाराज. बरीच वाटाघाट होऊन ठरलं की काचेवरचा आपला, निळा केंटचा. त्या दिवशी अर्थातच ढग. कडक उन्हात जे काही मिनिटांत होतं त्याला अर्धा तास लागला, आणि अर्धा तास मुलांना कागदाला हात न लावता बसवणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. एकाने आजीची जपमाळ आणली होती. एकीने स्वतःचा हातच ठेवला, पण तिच्याच्याने तेवढा वेळ दम कुठला निघायला, त्यामुळे मनगट पांढरंशुभ्र आणि बोटं धुरासारखी. मला तो सगळ्यात आवडला. तिला नाही आवडला.

स्टेशनवर एकदा नेलं, रिस्क असेसमेंटचा फॉर्म, प्रत्येकाच्या अंगात चमकणारं जॅकेट, पुढे टीचर मागे टीचर. स्लाऊच्या पाच नंबरच्या प्लॅटफॉर्मवर काचेच्या पेटीत एक कुत्रा आहे, पेंढा भरलेला. स्टेशन जिम त्याचं नाव. रेल्वेतल्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी तो गळ्यात डबा अडकवून पैसे गोळा करायचा, नाणं टाकलं की भुंकायचा, 1896 मध्ये गेला. फ्लॅश लावायचा नाही हे आधीच बजावलं होतं, रेल्वेचा नियम आहे. पण बिनफ्लॅशचा काढला की काचेत दिसतो कोण, तर फोटो काढणारा स्वतः! आणि चेहरा तर चालत नाही. मुलं खाली बसली, आडवी झाली, एकाने जॅकेट काढून काचेवर धरून सावली केली. एक मुलगा मात्र तसाच उभा राहून कॅमेरा डोळ्याशी धरून म्हणाला, "मिस, कॅमेऱ्यामागे लपलाय माझा चेहरा. चालेल?" काचेत त्याचा कॅमेरा, कॅमेऱ्याच्या मागे कान, आणि बरोबर त्याच्या खांद्यावर जिमचं नाक. चालेल म्हटलं. मागून काढलेला कान नव्हता तो, पण निकाल मीच दिला.

या सगळ्याचा माझ्यावर झालेला परिणाम म्हणजे मी आपल्या लोकांत जरा नकोशी झालेय. गणपतीत मुलं स्टेजवर नाचतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोटो, नावासकट, पब्लिक आल्बममध्ये. मी विचारलं की सगळ्यांच्या आईवडिलांना विचारलंय का, तर "अहो आपलीच मुलं आहेत!" हे ऐकायला गोड वाटतं. पण आपलीच म्हणून विचारायचं नाही आणि परकी म्हणूनही विचारायचं नाही, मग विचारायचं कुणाला? मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, तिच्यात आपल्या भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी होते, डॉक्टर आणि फोटोग्राफर. म्हणजे कॅमेरा आपल्याला काही नवा नाही. त्याच काळात साहेबांनी देशभरच्या माणसांना उभं करून फोटो काढले, 'द पीपल ऑफ इंडिया' म्हणून 1868 ते 1875 आठ खंड छापले, त्यांत कितीतरी जणांच्या खाली नाव नाही, नुसती जात. ते बघून आपल्याला राग येतो, यायलाच हवा. आणि मग जून-जुलैत दिवे घाटात बघा, वारकरी म्हातारीच्या तोंडापासून दोन फुटांवर लेन्स, ती बिचारी पदर पुढे ओढतेय आणि यांना तोच 'कॅन्डिड' हवाय. मी पण वारीला गेलेय कॅमेरा घेऊन, त्या घोळक्यात उभी राहिलेय, त्यामुळे हे लांबून बोलत नाहीये.

वर्षाच्या शेवटी हॉलमध्ये प्रदर्शन लावलं. फोटोखाली नावं नाहीत, अर्थात. आईवडील येऊन आपलं पोर शोधायला लागले, कुणी बुटांच्या लेसवरून, कुणी कोपराच्या खरचटण्यावरून. एक पंजाबी आजी काठी टेकत आली, सगळ्या भिंती बघितल्या आणि त्या मानेच्या फोटोपाशी थांबली. टीचरने वाकून इंग्रजीत विचारलं, ओळखलंत का? आजीने तिच्याकडे 'हा काय प्रश्न झाला' अशा नजरेने बघितलं. रोज सकाळी तो पटका तीच बांधते. केअरटेकर पण येऊन गेला, किल्ल्यांच्या फोटोसमोर काही बोलला नाही, फक्त टीचरला म्हणाला की तळघरातल्या दिव्याचं तेवढं बघा आता.

सप्टेंबरपासून पुन्हा क्लब आहे आणि कॅमेऱ्यांतले निम्मे गेलेत, एकाची बॅटरी फुगून पापड झालीये. तेव्हा स्लाऊ, विंडसर, हाउन्स्लो, रेडिंग या बाजूला कुणी असाल तर मोज्यांचा खण उघडून बघा. कार्डावरचं आधी तुम्ही बघा, घरच्यांना विचारा, उतरवून घ्या आणि मग द्या. आणि कृपा करून चार्जरसकट द्या, मागच्या वेळी आलेल्या पिशवीत नऊ चार्जर निघाले आणि त्यातला एकही कुठल्या कॅमेऱ्याला लागत नव्हता.